उत्तरेकडचं गवत

रावजीबाबांच्या छपराला पाया नव्हता. नव्हता म्हणजे घालायचाच नाही, असा माझ्या आजोबांचा हुकूम होता. आमच्या रानाच्या कडेला, सीना नदीकडे उतरणाऱ्या माळावर, मजुरांची आठ-दहा छपरं होती. त्यातल्या कुणी हातभर खणून दगड बसवला, तर उद्या तो जागेवर हक्क सांगेल, ही आजोबांची धास्ती. तेव्हा खांब रोवा, कूड उभारा, वर गवत घाला आणि सुखानं राहा. फक्त दगडावर दगड ठेवायचा नाही. गाव आजोबांना देवमाणूस म्हणायचं. मला हा देवमाणूस कधी पटला नाही. लहानपणी तसं बोलून दाखवलं की अव्वा, म्हणजे माझी आई, डोळे वटारायची आणि मला आत पिटाळायची.

घरात आम्ही कानडी बोलायचो, उंबऱ्याबाहेर मराठी. माझं नाव रुद्राणी. वडील ईश्वरप्पा, त्यांना मी अप्पा म्हणायचे. रावजीबाबा आमच्याच रानात राबायचे. वयानं अप्पांपेक्षा मोठे, तरी घरातलं शेंबडं पोरसुद्धा त्यांना "अरे रावजी" म्हणून हाक मारायचं. मी बाबा म्हणायचे आणि इथंही तसंच लिहिणार आहे.

वर्षातले आठ-नऊ महिने ते चारचौघांसारखे मजूर. नांगर धर, ज्वारी काढ, खळ्यावर राख. पण होळी पेटली की मृगापर्यंत त्यांचा भाव वधारायचा, कारण छपरं शाकारायचे दिवस तेच. पाच कोसांवरून माणसं बोलवायला यायची. उंच, काटक गडी, उन्हानं रापलेला, गालात सदा तंबाखूची चिमूट. कुणी कामाचं कौतुक केलं की त्यांना राग यायचा. "पाऊस पडू दे की आधी, मग बोल," म्हणून समोरच्याला वाटेला लावायचे. गावात चेष्टेनं म्हणायचे, रावजीनं शाकारलेलं छप्पर गळलं तर चूक पावसाचीच धरावी.

आता छप्पर म्हटलं की लोकांना हायवेवरच्या हॉटेलातलं गवताचं छत आठवतं. खाली प्लास्टिकच्या खुर्च्या, वर पंखा, भिंतीला बैलगाडीचं चाक. ते बघितलं की माझं डोकं फिरतं. जेवण न करता मी उठून येते आणि बरोबरच्या माणसांची उपासमार होते. ही माझी जुनी खोड आहे, घरचे आता सवयीनं सोसतात.

खरं छप्पर असं उभं राहायचं. आधी दोन मेढी रोवायच्या. मेढ म्हणजे वर बेचकं असलेला बाभळीचा खांब. दोन मेढींच्या बेचक्यांत आडं ठेवायचं, तो घराचा कणा. आड्यावरून दोन्ही अंगांना वासे उतरवायचे आणि वाशांवर तुरकाट्या आडव्या घालून केकताडाच्या वाखानं, म्हणजे घायपाताच्या दोरीनं, आवळायच्या. भिंती म्हणजे तुरकाट्यांचाच कूड, आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपलेला. दार एवढं बुटकं की आमच्या तालेवार पाहुण्यांनाही वाकावं लागायचं. मला ते बघायला फार आवडायचं. खिडकी नसायची. चुलीचा धूर गवतातूनच वाट काढायचा आणि जाता जाता तिथले किडे मारायचा. वर पवन्या गवताचे थर, खालून सुरुवात करून एकावर एक. सगळ्यांत वर पाऊस झेलायला उसाचं पाचट. उतार कमी पडला तर पाणी मुरतं, जास्त झाला तर वारा गवत ओढून नेतो. बाबा तो उतार डोळ्यांनीच धरायचे आणि दोन-तीनदा तंबाखू थुंकून नक्की करायचे.

त्यातली शिवण मात्र एकट्याचं काम नव्हतं. बाबा वर बसायचे आणि त्यांची बायको बजाबाई, म्हणजे माझी बजामावशी, आत अंधारात उभी राहायची. बाबा बांबूचं हातभर दाभण वाख ओवून गवतातून खाली खुपसायचे. मावशी ते आत ओढायची, तुरकाटीला वेढा द्यायची आणि परत वर सारायची. दोघांच्या मध्ये वीतभर गवत. त्या गवतातून त्यांचं भांडण चालायचं.

"अवो, हितं न्हाय, खाली घाला खाली! माझा डोळा फोडताय का?"

"गवतातनं तुझा डोळा दिसाय मी काय देव हाय का?"

"देव आसता तर छपरावर बसला आसता व्हय?"

आम्ही पोरं बाहेर उभी राहून खिदळायचो. भांडण संपलं की समजायचं, एक बाजू शिवून झाली.

बाबांचे वडील लहान असताना मोठ्या दुष्काळात मंगळवेढ्याकडून इथं आले. तेव्हा माळावर मेढीही नव्हत्या. ज्वारीची ताटं एकमेकांना टेकवून त्याखाली माणसं निजायची. पुढं कुणी बाभळीचं लाकूड मिळवलं, कुणी वासे. एखादं छप्पर बसलं की त्याच्या मेढी पुढच्या छपराला जायच्या. बाबांच्या घरातल्या दोन मेढी त्यांच्या वडिलांच्या हातच्या. मावशी दिवाळीला त्यांना हळदीकुंकू लावायची.

त्या घरात पाळणा हलला, पण टिकला नाही. मावशीची मुलं जन्मली आणि गेली. शेवटची मुलगी थोडी मोठी होऊन गेली, तिची मला पुसट आठवण आहे. त्यानंतर मावशी बरेच दिवस कुणाशी बोलत नव्हती. मग अप्पांच्या गोठ्यात एक खिलार गाय कालवड मागं ठेवून मेली. ती कालवड जगत नाही असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मावशीनं ती मागून नेली. बोटाला दूध लावून चोखवलं, थंडीत आपल्या वाकळेत घेतलं. पांढरी, काळ्या डोळ्यांची, तिचं नाव मोरी. मोरी मोठी झाली तरी तिला वाटायचं आपण वाकळेत मावतो. छपराच्या दक्षिण बाजूला बाहेर तिला बांधायचे, आणि पाऊस लागला की ती त्या बुटक्या दारातून डोकं आत घालून उभी राहायची. मावशी तिच्या तोंडाला तोंड लावून बोलायची. बाबा म्हणायचे, "माझ्याशी भांडती आन् गाईशी गोड बोलती." पण बाजारातून येताना कनवटीला तिच्यासाठी मिठाचा खडा तेच आणायचे.

आता गवताचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. बहात्तरच्या दुष्काळाआधी दोन वर्षं बाबांच्या छपराला उत्तरेकडून वाळवी लागली. सावलीची बाजू, तिकडूनच ती चढते. त्या वेळी आमच्या भुईमुगाला हुमणी लागली होती आणि अप्पांनी सोलापुरातून पांढरी पावडर आणली होती. उरलेली त्यांनी बाबांना दिली. चांगल्या मनानं दिली, हेही लिहायला हवं. बाबांनी उत्तरेच्या थरांत ती भुरभुरली. वाळवी गेली. घरात बरेच दिवस कुबट वास येत राहिला. तेव्हा बाबांनी मावशीला आणि वस्तीवरच्या सगळ्यांना बजावून ठेवलं, "उत्तरंच्या गवताला जनावराचं तोंड लागू देऊ नगा. इख हाय त्ये."

बहात्तरच्या उन्हाळ्यात दक्षिणेची बाजू शाकारायला आली. ऊन-पावसाचा मारा खाऊन ती बाजू नेहमीच लवकर जाते. आदल्या वर्षी पाऊस जेमतेम झालेला, माळावर पवन्या पुरेसा उगवला नव्हता. अशा वेळी शाकारणाऱ्यांची एक रीत असते. उत्तरेकडचं जुनं पण धड गवत सोलून दक्षिणेच्या खालच्या थरात दडपायचं आणि मिळालेलं नवं त्याच्यावर घालायचं. उत्तरेला पावसाचा मारा नसतो, तिकडं थोडक्यात भागतं. बाबांनी जन्मभर शेकडो छपरांवर हे केलं होतं. हाताला लागलेली सवय. त्यासाठी डोकं लावावं लागत नाही. त्यांनी आपल्याही छपरावर तेच केलं. मावशीनं आतून शिवलं. मग दोघं मृगाची वाट बघत बसले.

मृग कोरडा गेला. आर्द्रा गेल्या. आषाढ-श्रावणात आभाळ नुसतं उजळत राहिलं. पेरलेलं उगवलं नाही आणि ज्यांनी दुबार पेरलं त्यांचंही गेलं. दिवाळीपर्यंत सीनेच्या पात्रात झरे खणून वाटीवाटीनं पाणी भरायची वेळ आली. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागली. रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा, त्याची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची. माणसं निदान तेवढं तरी खात होती. जनावरांना तेही नव्हतं. कडब्याच्या गंजी संपल्या, मग झाडांचा पाला संपला.

आणि मग लोक छपरं उतरवायला लागले.

आधी कुणी केलं ठाऊक नाही. वस्तीवर निंगप्पाच्या म्हशीसाठी पहिलं गवत निघालं एवढं मला आठवतं. वरचं पाचट काळं कुजकं असतं, पण आतला पवन्या वर्षानुवर्षं धुरात राहूनही पिवळा राहतो. तो झोडपून काजळी काढायची, मिठाचं पाणी शिंपडायचं, मग उपाशी जनावर खातं. नवख्या माणसानं ओढलं तर गवताचा भुगा होतो, म्हणून उतरवायलाही बाबांनाच बोलावणं. दिवसा खडी फोडायची आणि कामावरून आलं की कुणाच्या तरी छपरावर चढायचं. आपणच घातलेले टाके कापायचे, आपणच रचलेल्या पेंढ्या एकेक करून खाली सोडायच्या. एकदा आमच्या विहिरीवर पाणी प्यायला थांबले तेव्हा म्हणाले, "जल्मभर शिवलं वो आक्का, आता उसवत निघालोय." माळावर नुसते वासे उभे राहिले. आमच्या माडीवरून ते बघवत नसे.

बाबांचं छप्पर तेवढं शाबूत होतं. दोघांनी आपल्या पोटाला चिमटा घेऊन मोरीला जगवलं होतं. मावशी रानोमाळ हिंडून कडुलिंबाच्या डहाळ्या, निवडुंगाची काटे भाजलेली पानं, काय मिळेल ते आणायची. जनावरांचे दलाल वस्तीवर फिरत होते. एकजण मोरीच्या पाठीवर हात फिरवायला गेला तर मावशी खुरपं घेऊन धावली. "माझी लेक हाय ती. तुझी लेक न्हेऊन तिकडं इक," म्हणाली. दलाल हसत हसत गेला, पण परत आला नाही.

सरकारनं रस्त्याला गुरांची छावणी उघडली होती. तिथं चारा-पाणी होतं. अप्पांनी आमचे बैल तिथंच पोहोचवले. पण मोरी गाभण होती आणि तिचे दिवस भरत आले होते. तेवढं अंतर ती चालू शकणार नव्हती, आणि गाडीतून न्यावं तर जुंपायला गावात बैल उरले नव्हते. तेव्हा दोघांनी ठरवलं, मोरी व्याली की सावकाश दोघांना, गाईला आणि वासराला, छावणीत न्यायचं. तोवर तिला उभी ठेवायची. एवढंच. त्या घरात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. मावशी मोरीच्या पोटाला कान लावायची आणि मला बोलावून माझाही हात लावायची. आत लाथ बसली की तिचा चेहरा असा फुलायचा की दुष्काळ आहे हे विसरायला व्हायचं.

शेवटी झाडपालाही संपला आणि बाबा आपल्या छपरावर चढले.

उत्तरेला त्यांनी हात लावला नाही. शेजारची गौरम्मा खालून म्हणालीसुद्धा, "तिकडचं बी काडा की, लई दिस पुरंल." बाबा म्हणाले, "तिकडं इख हाय." दक्षिणेचं नवं गवत त्यांनी वरून सोलत आणलं. रोज एक पेंढी. मोरी ते खाऊ लागली. तिच्या डोळ्यांत तेज आलं, अंगावरची माशी उडवायला शेपूट हलायला लागली. मावशीनं मला मुद्दाम बोलावून दाखवलं. "बगा आक्का, माझं घर खाती आन् मला डोळं दावती," म्हणाली आणि खूप दिवसांनी हसली. छताला भोक पडलं होतं, आतून आभाळ दिसत होतं, आणि ती हसत होती. माझ्या लग्नाचं तेव्हा घाटत होतं. त्या दिवशी मला वाटलं, माणसाला सुखी व्हायला फार काही लागत नाही. हे मला आता आठवलं की स्वतःचाच संताप येतो.

वरचा थर संपला. एका सकाळी खडी फोडायला जाण्याआधी बाबांनी खालच्या थरातली पेंढी उतरवली, मावशीजवळ ठेवली आणि म्हणाले, "झोडपून घाल, जून हाय जरा." आणि निघून गेले.

दुपारी अव्वानं मला मूठभर पेंड देऊन वस्तीवर धाडलं. गरोदरपणात लागते, म्हणाली. गाय असली म्हणून काय झालं. मी पोचले तेव्हा मोरी उभी होती, पण तिचे पाय थरथरत होते. तोंडातून लाळेच्या तारा. मावशी तिच्या गळ्याला मिठी मारून "काय झालं गं, काय झालं गं," एवढंच म्हणत होती. मी धावत जाऊन अप्पांना सांगितलं. त्यांनी एका गड्याला छावणीवर डॉक्टरला आणायला पिटाळलं, दुसऱ्याला बाबांना बोलवायला. चिंचेचं पाणी पाजलं, ते सगळं बाहेर आलं. मोरी खाली बसली, मग आडवी झाली, मग तिला झटके यायला लागले. बाबा आले तेव्हा तिची मान मावशीच्या मांडीवर होती. डॉक्टर कुठल्या तरी दुसऱ्या छावणीवर गेले होते. ते आले नाहीत.

तिसऱ्या प्रहरी मोरी गेली.

मावशीचा हात मोरीच्या पोटावर होता. एकाएकी ती ओरडली, "हलतंय! अवो, आत हलतंय!" आम्ही बघितलं. पोट खरंच हलत होतं. आतलं वासरू लाथा मारत होतं. बाबांनी विळा घेतला आणि गुडघ्यावर बसले. त्यांचा हात पुढं होईना. निंगप्पा म्हणाला, "दिस भरल्यालं न्हाईत, रावजी. आन् इतकं झटकं आल्यावर त्ये वाचतंय व्हय?" बाबांनी विळा खाली ठेवला. परत उचलला. परत ठेवला. तोवर पोट हलायचं थांबलं. त्यानंतरही मावशीचा हात बराच वेळ तिथंच होता.

मेलेली जनावरं ओढून नेणारे लोक त्या दिवसांत रोजच यायचे. मावशीनं मोरीला नेऊ दिलं नाही. बाबांनी छपरासमोर खड्डा खणायला घेतला. माळाची जमीन दगडासारखी झाली होती, पहारीचा प्रत्येक घाव परत यायचा. वस्तीवरची माणसं मदतीला आली. त्या माळावर इतकं खोल तोवर कुणी खणलं नव्हतं. अप्पा कडेला उभे होते, त्यांनी अडवलं नाही.

उरलेली पेंढी दारात पडली होती. दुसऱ्या दिवशी बाबांनी ती उचलली, कांडी हातात चोळली आणि नाकाशी धरली. मी तिथं नव्हते. हे मला गौरम्मानं सांगितलं. ती म्हणाली, रावजी ती पेंढी घेऊन तसाच बसून राहिला, आणि मग चुलीत घालायला निघाला तर परत वळला, लांब जाऊन ओढ्यात फेकून आला. कशाला, ते तिला कळलं नव्हतं. तिनं विचारलंही नाही.

मावशी मात्र बोलत सुटली. भेटेल त्याला सांगायची, "माझ्या भाकरीनं गेली मोरी. आदल्या सांजंला मी माझ्या वाटची मिलोची भाकर तिला चारली. गाभण पोटाला मिलो सोसला न्हाय." लोक म्हणायचे, भाकरीनं कुठं गाय मरती? ती म्हणायची, "मेली की." बाबा तिथंच असायचे. मान खाली घालून ऐकायचे.

वैशाखात माझं लग्न ठरलं, अकलूजचं स्थळ. दुष्काळाचं लग्न, पंगत नाही, वाजंत्री नाही. पण बोलावणं करायचं होतं. पदरात अक्षता घेऊन मी दुपारची वस्तीवर गेले. पाऊस तोंडावर आला होता. दुसऱ्या गावांहून पाचट, गवत मिळवून लोक आपापली छपरं पुन्हा शाकारायच्या घाईत होते, आणि बाबा कुणाकडेही जात नव्हते. कंबर धरली म्हणून सांगायचे. त्यांच्या स्वतःच्या छपराची दक्षिण बाजू उघडीच होती. नुसते वासे. दोघं उत्तरेच्या सावलीत बसले होते. मावशी सुपात मिलो निवडत होती.

मला बघून तिनं जागा करून दिली. मी बसले. इकडचं-तिकडचं झालं आणि तिनं परत सुरू केलं. "तुमच्या लग्नाला मोरीचं दूध धाडायचं ठरवलं व्हतं आक्का. माझ्या भाकरीनं खाल्ली तिला."

"बास कर, बजे," बाबा म्हणाले.

ती गप्प झाली नाही. "गाभण पोटाला मिलो..."

"बास कर म्हनलं न्हवं!" बाबा इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या छपरातून गौरम्मा डोकावली. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तुज्या भाकरीनं न्हाय गेली. माझ्या गवतानं गेली. उत्तरंचं गवत मीच दक्षिणंला दडपलं व्हतं, शाकारताना. पावडरीचं. आन् इसरलो. साऱ्या वस्तीला सांगत हिंडलो की उत्तरंला इख हाय, आन् इख माझ्याच हातानं हिकडं आणलं व्हतं. म्या मारली मोरी. तू सोताला बोल लावत बसलीस, आन् मी ऐकत बसलो. माझी जीबच उचलंना."

मला वाटलं मावशी आता किंचाळेल. मी तिच्याकडे बघितलं. तिची बोटं सुपातच फिरत होती. तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला.

"ठाव हाय मला," ती म्हणाली.

"काय ठाव हाय?"

"आतनं शिवायला कोन व्हतं? मीच व्हते की. त्या सकाळी पेंढी सोडली तवाच वास आला. म्या झोडपली, पान्यानं धुतली. घोटभर पानी व्हतं घरात, त्ये घातलं त्यात. तरी वास जाईना. ठिवून दिली बाजूला. मोरी दावं तोडाय लागली. हंबरून हंबरून तिचा घसा बसला, आक्का. नुसतं तोंड उघडायची, आवाज निगत नव्हता. तिला वास न्हाय आला, तिला नुसतं गवत दिसलं. म्हनलं, दोन-तीन वर्सं झाली, एवढ्या दिसांत इख गेलं आसंल. म्हनलं, थोडं घालावं, नुसतं थोडं."

बाबा तिच्याकडे वळले. "मग भाकरीचं का सांगत सुटलीस?"

"भाकर म्हनलं की माझ्या एकटीवर भागत व्हतं. गवत म्हनले आसते तर तुमी परत कुनाच्या छपरावर चढला नसता."

"आता तरी कुटं चढतोय मी?"

मावशीनं सूप खाली ठेवलं. मी इतकी वर्षं तिला ओळखत होते. भांडताना, हसताना, मोरीच्या पोटावर हात ठेवून ओरडताना मी तिला पाहिलं होतं. इतक्या हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"तुमी इसरून दिलं," ती म्हणाली. "म्या वळखून चारलं."

बाबा सरकत तिच्याजवळ गेले. तिच्या शेजारी कुडाला पाठ टेकून बसले आणि तोंडावर धोतराचा सोगा धरून रडायला लागले. मावशी रडली नाही. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवला. मी बोलावणं न करताच उठले.